बिनवळणाचे अक्षर

मराठीत ‘वळण’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. अक्षराला वळण असते आणि मुलाला वळण लावतात. ज्याचे अक्षर वळणदार तो चांगल्या घरातला, आणि ज्याचे किडेमुंग्यांसारखे त्याच्या घरात पाटी उशिरा आली, असे आपल्या शाळांनी कित्येक पिढ्या गृहीत धरले. ‘वळण नाही’ ही तक्रार मास्तर वहीकडे बघून करीत; नजर मात्र मुलाच्या वस्तीकडे असे. म्हणून अक्षराच्या आकाराचा इतिहास हा निव्वळ कलेचा किंवा छपाईच्या तंत्राचा विषय राहत नाही. कोणाचे मनगट प्रमाण मानले गेले, ह्याचा तो इतिहास होतो.

ह्या लेखात मला अशा एका अक्षराविषयी लिहावयाचे आहे की ज्याला प्रस्थापित अर्थाने वळण नाही. त्याच्या सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असतात, टोकांना नखरा नसतो आणि रुंदी आखडलेली असते. इंग्रजी मुद्रणव्यवसायात त्याला ‘कन्डेन्स्ड सॅन्स सेरिफ’ म्हणतात. आपल्याकडे ते भिंतीवर, मोर्चाच्या फलकावर, चौदा एप्रिलच्या बॅनरवर आणि दुकानाच्या पाटीवर असते. त्याला कोणी नाव विचारीत नाही.

सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या रेघांना टोकाशी असलेले बारीक पाय. देवनागरीला असे पाय नाहीत, तिला शिरोरेषा आहे. रोमनमध्ये खानदानीपणा दाखविण्याचे जे काम सेरिफ करतो, ते देवनागरीत रेघेचा जाडबारीकपणा करतो. हा जाडबारीकपणा बोरूतून आला. बोरूचे टोक तिरके कापले की एका दिशेला रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेला बारीक. पोथ्या लिहिणाऱ्या हातांनी हा कोन शतकानुशतके सांभाळला. एकोणिसाव्या शतकात मुंबईला देवनागरीचे खिळे ओतले जाऊ लागले तेव्हा बोरू हातातून गेला, पण त्याचा कोन शिशात उतरला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम ह्यांनी देवनागरी खिळ्यांवर काम केले. पुढे जावजी दादाजी ह्यांनी १८६४ मध्ये टाईप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला; त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू ह्यांनी ठसे कापले. हे अक्षर देखणे आहे, ह्यात वाद नाही. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची पाने आजही डोळ्यांना सुखावतात. प्रश्न देखणेपणाचा नाही. प्रश्न असा की, लेखणीचा एक विशिष्ट काप हीच अक्षराची प्रकृती आहे, असे कोणी आणि कधी ठरविले?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. छपाईचे यंत्र जातिनिरपेक्ष असते, असा आपल्या पुरोगाम्यांचा एक आवडता समज आहे. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले गृहस्थ. त्यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. परंतु शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवेनात. तेव्हा गणपत कृष्णाजींना तुपाची शाई करावी लागली. म्हणजे यंत्र आले, कागद आला, खिळे आले आणि त्यांच्या पाठोपाठ सोवळेही छापखान्याच्या दारातून आत आले. ज्या समाजात शाईला सोवळे होते तेथे अक्षराच्या आकाराला नव्हते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. ज्यांच्या हाती बोरू आलाच नाही, त्यांच्या हाती पहिल्यांदा काय आले? पाटीवरची दगडी पेन्सिल. तिला काप नसतो. ती कशीही धरा, रेघ सारखीच उमटते. त्यानंतर खडू, कोळसा, गेरूत बुडविलेली काडी. छापखान्याचा खर्च झेपत नसे तेव्हा सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाने लिहिले जाई. तिचीही रेघ एकाच जाडीची. साठोत्तरी काळातली किती तरी अनियतकालिके आणि मोर्चांची पत्रके ह्या रेघेत निघाली. १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत स्विस अक्षरकार ॲड्रियन फ्रुटिगर आणि त्यांच्याबरोबर महेंद्र पटेल ह्यांनी एकसमान जाडीच्या देवनागरीवर काम केले. तो आधुनिक प्रयोग म्हणून नावाजला जातो, आणि तो तसा होताच. पण ती रेघ आपल्या वस्त्यांना नवीन नव्हती. पाटी पुसून पुसून गुळगुळीत केलेल्या माणसांची ती पहिलीच रेघ होती.

युरोपात ह्या अक्षराचा जन्म झाला तेव्हा त्याच्या वाट्याला आलेली नावे आपल्याला ओळखीची वाटतील. इंग्लंडमध्ये १८१६ च्या सुमारास चौथ्या विल्यम कॅस्लन ह्यांच्या कारखान्याने नमुनापुस्तकात पाय नसलेल्या अक्षरांचा एक खिळासंच दिला. पुढे १८३० च्या दशकात अशा अक्षरांना ‘ग्रोटेस्क’ हे नाव पडले. ग्रोटेस्क म्हणजे बेढब, विद्रूप. अमेरिकेत त्याला ‘गॉथिक’ म्हणू लागले, आणि ‘गॉथिक’ ह्या शब्दाला मुळात रानटीपणाचा वास होता. ग्रंथात त्याला जागा नव्हती. जाहिरात, लिलाव, नाटकाचा खेळ, सभा अशा रस्त्यावरच्या छपाईत ते वाढले. तेथे कागदाची रुंदी ठरलेली आणि मजकूर तर लांबून वाचता आला पाहिजे. मग उपाय एकच: अक्षर उंच ठेवायचे आणि रुंदी कमी करायची. मोठ्या आकाराचे खिळे शिशाचे केले तर जड आणि महाग होतात म्हणून ते लाकडात कापले जाऊ लागले. अरुंद, जाड, सरळ अक्षर हे अशा रीतीने दुरून वाचणाऱ्यांचे, उभ्याने वाचणाऱ्यांचे अक्षर झाले. खुर्चीत बसून वाचणाऱ्यांसाठी दुसरे होते.

ह्या अक्षराचा सर्वांत मोठा क्षण मात्र ना लंडनमध्ये आला ना न्यूयॉर्कच्या जाहिरात कचेऱ्यांत. तो १९६८ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस ह्या शहरात, सफाई कामगारांच्या संपात आला. १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले आणि कचरा दाबणारे यंत्र चालू होऊन त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या हातांतल्या फलकांवर चार शब्द होते: ‘आय ॲम अ मॅन’. मी माणूस आहे. साठ वर्षांच्या काळ्या माणसालाही ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारणाऱ्या समाजाला दिलेले ते उत्तर होते. क्लेबॉर्न टेम्पल ह्या चर्चमधील छापखान्यात ते फलक छापले गेले. अक्षरे जाड, पायाविना, अंगाला अंग लावून उभी. ‘ॲम’ ह्या शब्दाखाली एक रेघ. ‘आहे’ ह्या क्रियापदावर जोर. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून त्याच शहरात झाला. ते ह्या कामगारांसाठीच तेथे गेले होते. १६ एप्रिलला संप मिटला.

ज्या देशातल्या ब्लॅक पँथरवरून २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या देशातली ही घटना आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. पण मला येथे दुसरीच गोष्ट सांगावयाची आहे. २०१६ मध्ये ट्रे सील्स ह्या काळ्या अक्षरकाराने ‘व्होकल टाइप’ नावाचा अक्षरनिर्मितीचा व्यवसाय सुरू केला आणि मेम्फिसच्या त्या फलकांवरून एक अरुंद, पायाविना अक्षरसंच तयार केला. त्याचे नाव ‘मार्टिन’. म्हणजे एका चळवळीने आपल्या भिंतींचे आणि फलकांचे अक्षर संग्रहालयात ठेवले नाही. ते पुन्हा छापता येईल, संगणकावर उमटवता येईल अशा स्वरूपात परत कामाला लावले.

महाराष्ट्रातील दलित मुद्रणाचा इतिहास वाचताना एक शब्द पुन्हापुन्हा आडवा येतो: जागा. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, हे प्रसिद्ध आहे. स्तंभातली दोनचार बोटे जागा, तीही विकत मिळाली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली तेव्हा पत्र उभे राहिले. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. पुढे स्वतःचा छापखाना झाला, भारत भूषण. नंतर तो बुद्धभूषण झाला. १९५६ मध्ये ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. हा छापखाना दादरच्या ज्या आंबेडकर भवनात होता, ते भवन २५ जून २०१६ च्या पहाटे पाडण्यात आले आणि छापखानाही त्याबरोबर गेला. दुसऱ्याच्या स्तंभात जागा नाही म्हणून स्वतःचे स्तंभ निर्माण करणे, आणि शंभर वर्षांच्या आत त्या छापखान्याचे छप्परही न उरणे: ह्या दोन टोकांमध्ये आपल्या अक्षराचा संसार झाला आहे.

जागेच्या ह्या प्रश्नाशी अरुंद अक्षराचा संबंध किती जवळचा आहे हे पाहावयाचे तर नामांतराचे उदाहरण घ्यावे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत काय झाले, पोचीराम कांबळे कसे मारले गेले, हे ह्या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी जे झाले त्याला सरकारने ‘नामविस्तार’ म्हटले. दोन शब्दांचे नाव पाच शब्दांचे झाले: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. आणि विस्तार झाल्याबरोबर संक्षेप सुरू झाला. पाटीवर मावत नाही, रकान्यात बसत नाही, बोलायला लांब पडते, म्हणून ‘बामू’. ज्या नावासाठी माणसे जळाली ते नाव दोन अक्षरांवर आले. मुंबईत परळ-लालबागवरून जाणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाचेही पत्त्यांतून ‘डॉ. बी. ए. रोड’ झाले. ह्यात प्रत्येक वेळी द्वेषच असतो असे मी म्हणणार नाही. आपली मुलेही ‘बामू’च म्हणतात. पण एवढे मात्र खरे की, नाव पूर्ण लिहायचे की तोडायचे हा निर्णय पुष्कळदा पाटीच्या रुंदीच्या नावाखाली घेतला जातो. अशा वेळी अरुंद अक्षर हे नुसते शैलीचे प्रकरण राहत नाही. त्याच रुंदीत, त्याच उंचीवर पाचही शब्द पूर्ण लिहिण्याची सोय ते करून देते. जागा नाही ही सबब त्याच्यापुढे टिकत नाही.

येथपर्यंत अरुंद अक्षराची बाजू मांडली. आता त्याची अडचण सांगितली पाहिजे, कारण देवनागरी अरुंद करणे रोमनइतके सोपे नाही. रोमन अक्षर बाजूंनी दाबले तरी त्याच्या डोक्यावर आणि पायाखाली फारसे काही नसते. देवनागरीची ओळ तीन मजली. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. एकाच मापाच्या टाईपात ह्या तीन मजल्यांची सोय करायची म्हणून मधले अक्षर मुळातच रोमनपेक्षा लहान राहते. त्याला आणखी बाजूंनी दाबले की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आधी जाते. मग काय होते पाहा. ‘भ’ आणि ‘म’ ह्यांत फरक किती? डाव्या बाजूची एक छोटी गाठ आणि शिरोरेषेतली एक फट. ‘ध’ आणि ‘घ’ ह्यांतही तेवढाच. अक्षर जाड केले, अरुंद केले, वरून हलक्या कागदावर शाई पसरली किंवा फ्लेक्सवर रंग फुटला, की गाठ बुजते आणि फट मिटते. ‘भीम’चा ‘मीम’ होतो. ‘धम्म’चा ‘घम्म’ होतो. देवनागरीतली जी दोन अक्षरे दाबल्यावर सर्वांत आधी मरतात, नेमकी त्यांच्यावर आपले दोन सर्वांत मोठे शब्द उभे आहेत. त्यात कोणाचा कट नाही. पण ज्याच्या रोजच्या लिहिण्यात ‘भीम’ आणि ‘धम्म’ येत नाहीत, त्याला ही बुजलेली गाठ चटकन दिसणारही नाही.

म्हणून मुळापासून अरुंद आखलेले अक्षर आणि ओढून अरुंद केलेले अक्षर ह्यांत भेद केला पाहिजे. संगणकावर कोणत्याही अक्षराची रुंदी शंभराची साठ टक्के करता येते. फ्लेक्सच्या दुकानात हे रोज चालते. पण असे केल्याने उभ्या रेघांची जाडी साठ टक्क्यांवर येते आणि आडव्या रेघा पूर्वीइतक्याच जाड राहतात. शिरोरेषा जाड, तिच्याखालचे दंड काटकुळे. छप्पर भारी आणि खांब बारीक. मुळातून आखताना अक्षरकार उलट वागतो. तो आडव्या रेघा बारीक करून घेतो, गोलाई थोडी चौकोनी करतो, पोटातली जागा मोकळी ठेवतो, ‘भ’ची गाठ कोठे नेली म्हणजे जिवंत राहील ह्याचा विचार करतो. २०१४ मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीने ‘खंड’ आणि ‘टेको’ हे अरुंद देवनागरी संच सर्वांना विनामूल्य वापरता येतील असे खुले केले. ‘खंड’ची देवनागरी संचित सावरिया आणि ज्योतिष सोनोवाल ह्यांनी आखली, एकसमान जाडीची रेघ आणि मोकळे पोट हे तिचे विशेष. ‘टेको’ मनुषी पारिख ह्यांचा, अधिक चौकोनी. मला स्वतःला ‘टेको’ लांबलचक मजकुराला करडा वाटतो. चार शब्दांच्या घोषणेला शोभतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा अरुंद नव्हे, पण एकसमान रेघेचा आणि पुस्तकातही वाचता येईल असा आहे. हे सगळे फुकट आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांच्या फोनवरसुद्धा उतरवून घेता येते. तरीही आपली पत्रके ओढूनताणून दाबलेल्या अक्षरात का निघावीत?

अक्षर निवडताना मराठीचाही विचार व्हावयास हवा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने, आणि पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने, पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे मराठीचे आकार म्हणून नक्की केले. पाकळीचा ‘ल’ पसरट असतो. रुंदी कमी करायची म्हटली की त्याच्या दोन पाकळ्यांची पंचाईत होते आणि हिंदी वळणाचा ‘ल’ तेथे येऊन बसतो. ‘दलित’ ह्या शब्दाच्या मधोमध हा ‘ल’ आहे, एवढेच येथे नमूद करतो.

मी ज्या गावात राहतो तेथे ह्या सर्व प्रश्नांना अलीकडे निराळेच तोंड फुटले आहे. राज्याने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली. सर्व दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतील मराठी आधी हवी, आणि तिचा टंक आकार इतर लिपीपेक्षा लहान नको. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मीरा रोड-भाईंदरच्या बाजारांतून हिंडताना ह्या कायद्याची अंमलबजावणी वाचता येते. मराठी आधी आहे, उंचीही बरोबरीची आहे. पण इंग्रजी नाव ऐसपैस पसरलेले आणि मराठी नाव उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंनी दाबून बसविलेले, अशाही पाट्या दिसतात. कायद्याची पट्टी उंची मोजते. रुंदी मोजायचे कोणाच्या मनात आले नाही. वरच्या मजल्यावरच्या मात्रा धरून उंची मोजली तर मधले अक्षर इंग्रजीपेक्षा लहानच राहते, ही गोष्ट वेगळीच.

२०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी निषेध केला आणि त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मोर्चा निघाला. त्या दिवसांत मराठीचा अभिमान पुष्कळ ऐकू आला. मराठी पाटी हवी, ही मागणी मला मान्य आहे. पण मराठी पाटीचा आग्रह धरणाऱ्यांना मराठी अक्षराविषयी विचारले तर ते उंचीच्या पलीकडे जात नाहीत, आणि कोणाचे नाव कोणत्या पाटीवर किती रुंदीत बसते, ह्याविषयी तर बोलतच नाहीत. ह्या शहराच्या नावाची सुरुवात ‘भ’ने होते आणि मध्ये वेलांटी-अनुस्वाराचा ‘ईं’ आहे. दाबलेल्या अक्षरात ते नाव धड वाचता येत नाही, आणि शहरभर ते तसेच लिहिलेले सापडते.

आपल्या मंडळांनी मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन ह्या निमित्तांनी वर्षातून कित्येक वेळा आपण अक्षरे छापून घेतो. बॅनर छपाईला टाकण्यापूर्वी ‘भीम’ आणि ‘धम्म’ हे दोन शब्द त्याच अक्षरात वीतभर कागदावर काढून घ्यावेत, कागद भिंतीला लावावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून एखाद्या शाळकरी मुलाकडून ते वाचून घ्यावेत. ‘भ’ची गाठ दिसली नाही तर दुकानदाराला रुंदी परत शंभर टक्के करावयास सांगावे, किंवा मुळातून अरुंद आखलेला संच घ्यावयास सांगावे. तेवढ्यानेही जागा पुरली नाही, तर खालच्या बाजूला असलेल्या शुभेच्छुकांच्या नावांपैकी आणि फोटोंपैकी निम्मे काढून टाकावेत.